तगाईपासून खात्यावरच्या हप्त्यापर्यंत : सरकारी पैसा कोणाच्या नावाने येतो?



पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन तक्रारी हमखास असतात. पहिली अशी : "शेत मी करतो. बैल माझे, बी माझे, खुरपणीची मजुरी माझ्या खिशातून. मालकाचे शहरात दुकान आहे, तो वर्षातून दोनदा येतो. पण सरकारचा हप्ता पडतो त्याच्या खात्यावर, आणि गारपिटीची मदत आली तरी त्यालाच. हे कसे काय?" दुसरी तक्रार वेगळी : "जमीन आमचीच आहे, तीन पिढ्या आम्हीच कसतो. पण उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव. म्हणून आम्हांला काहीच मिळत नाही."

आता बघा, पहिला माणूस बिनजमिनीचा वाटेकरी आणि दुसरा चांगला जमीनवाला. दोघांची जात-पात, गाव, तालुका सगळे वेगळे. पण दुखणे एकच. दोघेही नांगर धरतात आणि दोघांचेही नाव कागदावर नाही. सरकारचा पैसा कागद बघून चालतो, नांगर बघून चालत नाही. हे असे का झाले ते समजायचे तर आजचे परिपत्रक वाचून भागत नाही. जरा मागे, साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

इ. स. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांकडून कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंत याला, एक पत्र गेले. ते पत्र आजही उपलब्ध आहे आणि शेतीखात्यातल्या प्रत्येक माणसाने वाचावे असे आहे. त्यात सांगितले आहे ते थोडक्यात असे. गावोगाव फिर. त्या त्या गावचे कुणबी गोळा कर. ज्याच्याजवळ माणूसबळ आहे, बैल आहेत, दाणा आहे, त्याची चिंता नाही, तो करील. पण ज्याच्या अंगात कुवत आहे, घरात माणसे आहेत, मात्र बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, आणि म्हणून जो अडून बसला आहे, त्याला दोन-चार बैलांचे पैसे रोख दे. पोटाला खंडी-दोन खंडी धान्य दे. त्याच्याने जेवढे शेत करवेल तेवढे करव. पुढे त्याच्याकडून वाढीदिढी न करता नुसते मुद्दल घे, तेही हळूहळू, त्याला ताकद येईल तसे. या कामासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी हरकत नाही, असेही त्यात आहे. लारी म्हणजे त्या वेळी कोकणपट्टीत चालणारे, चांदीची तार वाकवून केलेले नाणे.

या पत्रात दयामायाच आहे असे समजू नका. राज्याला सारा हवा होता, आणि पडीक जमिनीतून सारा येत नाही. हिशेब चोख होता. पण मदत कोणाला द्यायची याची कसोटी लक्षात घ्या. "तुझ्या नावावर किती बिघे?" असे सुभेदाराने विचारायचे नव्हते. "तुझ्या घरात हात किती, आणि बैल का नाही?" असे विचारायचे होते. आणि हे बसल्या जागी कळत नाही, म्हणून गावोगाव फिरण्याचा हुकूम.

अशा मदतीला तगाई म्हणत. मूळ शब्द अरबी-फारशीतला, त्याचा अर्थ बळ देणे. पेशवाईतही ओसाड गाव वसवायचे असले, दुष्काळाने रयत परागंदा झाली असली, की तगाई देऊन, साऱ्यात सूट देऊन माणसे परत आणीत. आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी हा शब्द होता, आणि १९७२ च्या दुष्काळातही "तगाई आली का?" हे चावडीवर ऐकू येई. पण नाव तेच राहिले तरी मधल्या काळात त्या मदतीचा पाया पार बदलून गेला होता.

घेण्यासाठी केलेली यादी

तो बदल इंग्रजांच्या मोजणीने झाला. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी आणि आकारणी बसवली. पुढे तीच पद्धत दख्खनभर गेली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला आकार, आणि आकार भरण्याला जबाबदार असा एक खातेदार. तुमच्या शिवारातल्या दगडी हद्दखुणा आणि तुम्ही आजही बोलता तो "गट-सर्व्हे नंबर" यांचे मूळ त्यात आहे.

ही यादी कशासाठी केली, हे नीट लक्षात ठेवा. सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी केली. शेत कोण करतो हा त्या यादीचा प्रश्नच नव्हता. सारा न भरला तर कोणाची जमीन लिलावात काढायची, एवढे नाव सरकारला हवे होते.

नाव ठरले आणि आणखी एक गोष्ट झाली. खातेदाराला जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. सावकाराच्या हातात हे नवे हत्यार आले. कोर्टात जायचे, हुकूमनामा आणायचा, जमीन नावावर करायची. नावावरचा मालक सावकार, आणि पूर्वीचा मालक त्याच मातीत कूळ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी जो उठाव झाला तो यातून. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे फोडली आणि मुख्यतः हुडकले ते कागद. कर्जरोखे जाळले. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच झाले. धान्य किंवा सोने नेण्यापेक्षा रोखा जाळणे त्या माणसांना महत्त्वाचे वाटले. कागद म्हणजे काय चीज आहे हे त्यांना कळून चुकले होते.

त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. मग सरकारला जाग आली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८८३ मध्ये जमीनसुधारणा कर्जाचा कायदा झाला. विहीर, ताल, बांध यांसाठी. १८८४ मध्ये शेतकरी कर्जाचा कायदा झाला. बी, बैल, चारा यांसाठी. तगाईचे हे दोन कायदे पुढे शंभर वर्षांच्या आसपास आपल्या शेतीत वावरले.

कायद्याची तगाई कशी मिळे? मामलेदाराकडे अर्ज करायचा. तलाठी-सर्कलने चौकशी करायची. मुख्य चौकशी तारणाची : नावावर जमीन किती, तिच्यावर आधीचा बोजा किती. तारणाला जमीन नसेल तर तोलामोलाचा जामीन आणायचा, आणि कुळाला, मजुराला जामीन कोण राहणार? वसुली जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे पीक बुडाले तरी चावडीवर तारीख चुकवायची नाही, नाहीतर जप्ती. सावकार निदान पुढच्या सुगीपर्यंत थांबे, मग भले दुप्पट घेई. म्हणून सरकारी तगाई स्वस्त असूनही कितीतरी शेतकरी तिच्या वाटेला जात नसत. त्यांना अडाणी म्हणून चालणार नाही. त्यांचा हिशेब त्यांच्या परीने बरोबर होता.

१६७६ मध्ये तगाई मिळे ती हाताच्या बळावर, १८८४ मध्ये ती मिळू लागली जमिनीच्या तारणावर. घेण्यासाठी केलेली यादी आता देण्यासाठी वापरात आली. आजचा सगळा घोळ इथे सुरू होतो असे माझे मत आहे.

१९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो तो या व्यवस्थेतून आला. सातबारा म्हणजे एक कागद नव्हे, एका कागदावरचे दोन नमुने. वरचा गाव नमुना सात : जमीन कोणाची, किती, कोणाचा हक्क, कोणाचा बोजा. खालचा गाव नमुना बारा : त्या साली त्यात पीक काय आहे, पाणी कुठले. जुन्या बाराच्या नमुन्यात "जमीन करणाराचे नाव" आणि "रीत" असे रकानेही असत. म्हणजे नांगर कोणाचा ते लिहायला सरकारनेच जागा ठेवली होती. घरात जुना उतारा असेल तर काढून बघा. बहुतेकांना त्या जागी मालकाचेच नाव दिसेल. ते का, हे पुढे येते.

पिकावर कर्ज, पण उतारा आणा

स्वातंत्र्य आले तेव्हा शेतकऱ्याला कर्ज कोण देत होते? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर पाहणी करवली, तिचा अहवाल १९५४ मध्ये निघाला. शेतकऱ्याने काढलेल्या दर शंभर रुपये कर्जात सरकारचे ३ रुपये ३० पैसे आणि सहकारी सोसायट्यांचे ३ रुपये १० पैसे. सावकारांचे मात्र जवळजवळ ७० रुपये. तगाईच्या कायद्यांना सत्तर वर्षे आणि सहकारी कायद्याला पन्नास वर्षे होऊन हा आकडा! त्या अहवालाने एक शहाणपणाची गोष्ट सुचवली. कर्ज जमिनीच्या तारणावर देऊ नका, उभ्या करायच्या पिकाच्या गरजेवर द्या. एकरी ज्वारीला इतके, उसाला इतके, आणि वसुली पीक विकताना. यालाच आपण पीककर्ज म्हणतो. विचार करा, ही पुन्हा १६७६ च्या कसोटीकडे टाकलेली पायरी होती. नांगराकडे बघणारी. पण व्यवहारात सोसायटीच्या सचिवाने पहिला प्रश्न तोच विचारला : "सातबारा आणि आठ-अ आणलाय का?"

याच सुमारास कूळकायदा आला. १९४८ चा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, ज्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले असे कायद्याने मानले. मराठवाड्याला आणि विदर्भाला वेगळे कायदे होते, पण रोख तोच. या कायद्याने महाराष्ट्रात हजारो घरे उभी राहिली. पण ज्यांचे नाव कूळ म्हणून लागलेले नव्हते, किंवा ज्यांच्याकडून "राजीखुशीने" जमीन सोडल्याचे कागद करून घेतले गेले, ते उघड्यावर पडले. तिथेही नाव होते त्याला मिळाले.

त्यानंतर मालक सावध झाले. जमीन दुसऱ्याला करायला द्यायची, पण लिहून द्यायची नाही. कुठे अर्धेली, कुठे बटई, कुठे ठोका, कुठे मक्ता, कुठे खंड. शब्द निराळे, व्यवहार तोंडी. दर दोन वर्षांनी माणूस बदलायचा. बाराच्या नमुन्यात लिहायचे, मालक खुद्द कसतो. मालकाची भीती अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. नंतर झालेल्या कुळालाही कायदा हक्क देऊ शकतो. पण परिणाम असा झाला, की कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेल्या कायद्यामुळे कसणाऱ्याचे नाव कागदावरून पुसले गेले.

गोणीला नाव नसते

मधल्या काळात सरकारी पैसा एका वेगळ्या वाटेनेही शेतात आला, आणि ती वाट जरा निराळी आहे म्हणून सांगतो. नोव्हेंबर १९७७ पासून केंद्र सरकारने नत्रखताच्या कारखान्यांना ठरलेली किंमत आणि बाजारातली किंमत यांतला फरक भरून द्यायला सुरुवात केली. पैसा कारखान्याला, स्वस्ताई गोणीत. त्या गोणीला उतारा लागत नाही. पाठीवर टाकून नेणारा मालक आहे का वाटेकरी, हे युरियाला कळत नाही. या पद्धतीत दोष पुष्कळ. ज्याची जमीन जास्त आणि पाणी जास्त त्याला गोण्या जास्त, म्हणजे सरकारचा पैसाही जास्त. कोरडवाहू बाजरीवाल्याला त्यातले काय? शिवाय स्वस्त म्हणून युरियाच ओतायची सवय लागली आणि जमिनी बिघडल्या, ते आपल्या कार्यक्रमात अनेकदा सांगितलेले आहे. पण वाटेकऱ्याच्या हातात सरकारची मदत पोचली ती याच वाटेने, हे नाकारता येत नाही.

रोजगार हमीचेही तसेच अर्धे-अर्धे. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या त्या योजनेत मजुरी हजेरीपटावर मिळे, सातबारा नको. पण बांध पडला, नाला अडला, तो ज्याच्या शेतात त्याच्या मालकीचा. मजुराचे हप्त्या-हप्त्याने पोट भरले, मालकाची विहीर कायमची भरली. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग जोडली. कोकणातला आंबा-काजू, सोलापूरकडची बोरे-डाळिंबे या योजनेने फार वाढली. उत्तम काम झाले. पण दुसऱ्याच्या जमिनीत आंबा कोण लावील? झाड दहा वर्षांचे आणि बटई एका सालाची.

आता थेट पैशाकडे वळू. शेतकऱ्याला रोख रक्कम देण्याची मोठी योजना आपल्याकडे नवी असली तरी जगात नवी नाही. तिचे काय होते हे बघायला अमेरिकेचा एक दाखला उपयोगी आहे. १९३३ मध्ये तिथे कापसाचा भाव पार कोसळला होता. सरकारने कायदा केला : पीक कमी करा, त्याबद्दल पैसे देतो. त्या उन्हाळ्यात एक कोटी एकरांच्या आसपास उभा कापूस नांगरून टाकला गेला. सांगतात की खेचरे ओळीवर पाय ठेवीनात. पीक तुडवायचे नाही हीच त्यांची जन्मभराची शिकवण होती. करार झाले ते जमीनमालकांशी. वाटेकऱ्याचा वाटा मालकाने त्याला द्यायचा होता. कित्येकांनी दिला नाही. उलट जमीन कमी पेरायची म्हटल्यावर वाटेकरी कशाला हवा, म्हणून घरेच्या घरे बाहेर काढली. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोन्झा या गावी गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना बांधली. त्या काळात तिथे गोरे-काळे एका खोलीत बसणे हीच मोठी गोष्ट. शेतीखात्यातल्या काही अधिकाऱ्यांनी नियम काढायचा प्रयत्न केला, की पैसे घेणाऱ्या मालकाने तेच वाटेकरी ठेवले पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या अधिकाऱ्यांनाच नोकरीतून काढले.

आपल्याकडे २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रधानमंत्री किसान सन्मान निधी सुरू झाला. वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते, सरळ बँक खात्यावर. आधी दोन हेक्टरपर्यंतची अट होती, ती त्याच वर्षी काढली. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), १०,००० किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे (त्यांतही चतुर्थ श्रेणीचे वगळून), डॉक्टर-वकील असे लोक वगळले. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी काढून आणखी ६००० ची भर घातली.

या योजनेचे एक कौतुक करायलाच हवे. मामलेदार कचेरीतल्या खेपा, शिपायाची चहापाण्याची अपेक्षा, बरोबर माणूस नेण्याची गरज, हे सगळे तिने पुष्कळ कमी केले. तगाईच्या काळात हे कोणी स्वप्नातही पाहिले नसते. पण पात्रतेचा मुख्य आधार एकच : लागवडीयोग्य जमीन कुटुंबाच्या नावावर हवी. बटईदार बसत नाही. सरकारने मुद्दाम त्याचा दुस्वास केला असे मला वाटत नाही. थोड्या महिन्यांत पैसे वाटायचे होते, आणि सरकारजवळ शेतकऱ्यांची एकच तयार यादी होती, साऱ्यासाठी केलेली. कसणाऱ्यांची यादी आपण कधी केलीच नाही.

ती करता येते. तेलंगणात १० मे २०१८ पासून रयतु बंधु योजनेत एकरी ४००० रुपये दर हंगामाला दिले गेले. तिथे मालकच धरले, आणि जमिनीला मर्यादाही नव्हती, म्हणजे पन्नास एकरवाल्याला पन्नासपट. ओडिशाने त्याच सुमाराच्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनही घेतले. आंध्रने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्याच्या हक्काचा कायदा करून अकरा महिन्यांच्या कराराचे कार्ड काढले. मालकाच्या मालकीला त्याने धक्का लागत नाही. ही कार्डे हवी तेवढी निघाली नाहीत, कारण मालकाची सही लागते. पण वाट आहे एवढे खरे.

तुमच्या घरात काय करायचे

ज्यांच्या उताऱ्यावर मयत माणसाचे नाव आहे त्यांनी आधी वारसनोंद करावी. "भावाभावांत वाटणी झाली की बघू" म्हणून थांबू नका. वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. सगळ्यांची नावे एकत्र लागतात, भांडण नंतर करता येते. महाराष्ट्रातले सरासरी खाते १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. खाती एवढी लहान झाली, तरी कित्येक खाती अजून वाटणीविना आजोबांच्या नावावर आहेत. आणि एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही उताऱ्यावरच्या नावाला जोडलेला. म्हणजे गाठ आणखी घट्ट झाली.

भगिनींनो, तुमच्यासाठी वेगळे सांगायला हवे. निंदणी, खुरपणी, वेचणी, राखण, निम्म्याहून जास्त शेत तुमच्या हातांवर चालते आणि उताऱ्यावर तुमचे नाव नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पुढे लक्ष्मीमुक्तीचे आवाहन केले : नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा वाटा करून द्यावा. पुष्कळ गावांनी ते केले, आणि १९९२ मध्ये सरकारनेही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याबाबत परिपत्रक काढले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. नवरा अचानक गेला की सोसायटी, बँक, तहसील या सगळ्या ठिकाणी बाईला पहिला प्रश्न उताऱ्याचा होतो. दुःखाच्या तेराव्या दिवशी चावडीवर जाण्यापेक्षा जिवंतपणी नाव लावलेले बरे, हे घरातल्या कर्त्याने ऐकावे.

आता वाटेकरी आणि मालक, दोघांशी एकदमच बोलतो. पीकविमा योजनेत वाटेकऱ्याला भाग घेता येतो, पण नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. तो नसेल तर विमा मालकाच्या नावे, भरपाई मालकाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटो काढायला वाटेकरी, आणि नोंद खातेदाराच्या नावाने. मालकांनो, तुमचा सन्मान निधी तुम्ही घ्या, त्यावर वाटेकऱ्याचा कायदेशीर हक्क नाही. पण गारपिटीची, अतिवृष्टीची मदत ही गेलेल्या पिकाची असते. बी-खत वाटेकऱ्याचे गेले असेल तर ती मदत पूर्ण खिशात घालणे बरे दिसत नाही. पाडव्याला सौदा ठरवताना धान्याचा वाटा ठरतो, तसा "मदत आली तर कोणाला किती" हाही ठरवा. चार माणसांदेखत बोला, आणि जमले तर साध्या कागदावर लिहा. कूळकायद्याची भीती वाटत असेल तर जाणत्या वकिलाला विचारून अकरा महिन्यांचा कागद करा.

वारसनोंदीची रीत अशी. खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांत गावकामगार तलाठ्याकडे कळवायचे. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तलाठीच.) मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, नाते आणि पत्ते द्यायचे. विवाहित मुलींची नावे गाळू नका. गाळली तर पुढे सगळी नोंद अडते. तीन महिने उलटून गेले असले, किंवा तीस वर्षे उलटून गेली असली, तरी अर्ज करता येतो. वारस रजिस्टरला नोंद झाली की फेरफार धरला जातो, चावडीवर नोटीस लागते, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर तारीख आहे ना ते तिथेच बघा, आणि पंधरा दिवसांनंतर फेरफाराचा नंबर विचारायला स्वतः जा.